आवडत्या बातमीची शहानिशा

७ मे २०२५ रोजी भारतीय सैन्यदलांनी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केले आणि त्याच दिवशी नियंत्रणरेषेपलीकडून पाकिस्तानी तोफांनी पूंछ शहरावर मारा केला. त्या माऱ्यात जे नागरिक मृत्युमुखी पडले त्यांत मदरशात शिकवणारे एक शिक्षक होते. शत्रूच्या तोफेने मारलेला हा भारतीय नागरिक. देशवासीयांच्या सहानुभूतीवर त्यांच्या कुटुंबाचा हक्क होता. प्रत्यक्षात काही वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर त्यांचे छायाचित्र झळकले, ते पाकव्याप्त काश्मिरात भारतीय हल्ल्यात ठार झालेला दहशतवादी म्हणून. पूंछ पोलिसांनी पत्रक काढून या वृत्ताचा स्पष्ट इन्कार केला. पुढे जून २०२५ मध्ये पूंछच्या न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. दरम्यान, घरचा माणूस गमावलेल्या कुटुंबावर तो माणूस देशद्रोही नव्हता हे सिद्ध करीत बसण्याची वेळ आली.

ही बातमी इस्लामाबादेत रचली गेली नव्हती. पाकिस्तानच्या बाजूने त्या चार दिवसांत अपप्रचार झाला नाही असे नाही; तो भरपूर झाला. जुन्या अपघातांच्या चित्रफिती, परदेशातील स्फोटांची दृश्ये, इतकेच काय संगणकावरील युद्धखेळातील चित्रेही प्रत्यक्ष रणांगणातील म्हणून फिरवण्यात आली. त्यांतील अनेकांचा खोटेपणा पत्रसूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने आणि खाजगी तथ्यपडताळणी संस्थांनी उघडही केला. देशातील एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार ही आवई तर घराघरांतील भ्रमणध्वनींवर पोचली होती. तिचाही तत्काळ इन्कार झाला. परंतु ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद पडले, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाली, अशा ज्या ‘ठळक बातम्या’ भारतीय पडद्यांवरून कोट्यवधी लोकांना ऐकवण्यात आल्या, त्या शत्रूने पेरलेल्या नव्हत्या. त्या ऐकण्याची इच्छा होती म्हणून त्या आल्या, आणि इच्छा होती म्हणूनच त्या कोणी तपासल्या नाहीत. सकाळी कराची जागच्या जागी होते.

युद्धकाळातील अपप्रचाराविषयी जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा ‘शत्रूचा अपप्रचार कसा हाणून पाडावा’ एवढाच प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यातल्या त्यात सोपा आहे. शत्रूने सांगितलेल्या गोष्टीवर संशय घेण्यास कोणालाही शिकवावे लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास, पान सुटण्याची घाई असताना, उपसंपादकाच्या हाती आपल्या विजयाची किंवा शत्रूच्या क्रौर्याची एखादी सनसनाटी बातमी पडते, तेव्हा ती थोपवून धरण्यास मात्र शिक्षण लागते, आणि वरिष्ठांचे पाठबळही लागते. हे शिक्षण एखाद्या देशाने युद्ध चालू असतानाच कसे घेतले, त्यात त्याला यश किती आले आणि तो कोठे कोठे घसरला, हे पाहावयाचे असेल तर युक्रेनचा गेल्या दहाबारा वर्षांचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रशियाने क्रायमिया घेतला. त्याच मार्चच्या प्रारंभी कीव्हमधील मोहिला अकादमीच्या पत्रकारिता विद्यालयातील काही प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी यांनी ‘स्टॉपफेक’ नावाचा उपक्रम सुरू केला. सरकारी हुकूम नाही, मोठे कार्यालय नाही; वर्गात बातमी तपासण्याचे जे धडे द्यायचे तेच आता उघड्यावर गिरवायचे, एवढीच मूळ कल्पना. काम किचकट होते, परंतु गूढ नव्हते. एखादे छायाचित्र डोनबासमधील म्हणून फिरू लागले की ते पूर्वी कोठे छापून आले होते काय हे शोधायचे. ते कधी सीरियातले निघे, कधी चेचन्यातले. आईच्या प्रेताजवळ आक्रोश करणाऱ्या मुलीचे डोनबासमधील म्हणून फिरलेले एक चित्र तर ‘ब्रेस्ट फोर्ट्रेस’ या २०१० सालच्या रशियन चित्रपटातील निघाले. दुकानावरची पाटी कोणत्या भाषेत आहे, सावली कोणत्या दिशेला पडली आहे, झाडांना पाने आहेत की नाहीत, हे पाहण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. चिकाटी लागते, आणि ती विद्यार्थ्यांपाशी असते.

त्या वर्षीच्या जुलैत रशियाच्या ‘पहिल्या वाहिनी’ने दाखवलेली एक मुलाखत या संदर्भात वारंवार सांगितली जाते. स्लोव्हियान्स्क शहर युक्रेनच्या फौजांनी परत घेतल्यावर तेथील लेनिन चौकात लोकांना गोळा करून सैनिकांनी तीन वर्षांच्या एका मुलाला फलकावर खिळे ठोकून मारले, असे एका स्त्रीने कॅमेऱ्यापुढे सांगितले. ऐकणाऱ्याचे रक्त उसळावे अशीच ही कथा होती. पण स्लोव्हियान्स्कमध्ये लेनिन चौक नावाचा चौकच नव्हता. ही बाब केवळ युक्रेनच्या लोकांनी उघड केली असे नव्हे. ‘नोवाया गझेता’ आणि ‘दोझ्द’ या रशियन माध्यमांचे बातमीदार त्या शहरात गेले, रस्त्यात भेटेल त्याला विचारीत फिरले, आणि ही घटना पाहिलेला एकही माणूस त्यांना भेटला नाही. आपल्याच देशातील सर्वांत बलाढ्य वाहिनीची बातमी खोटी आहे, हे सांगण्यासाठी त्या बातमीदारांना काय किंमत मोजावी लागली असेल याची कल्पना करता येते. मार्च २०२२ मध्ये या दोन्ही संस्थांना रशियातील आपले काम थांबवावे लागले.

पत्रकारांपाठोपाठ नागरिकांचे शिक्षणही आले. ‘आयरेक्स’ या संस्थेने ‘अॅकॅडमी ऑफ युक्रेनियन प्रेस’ आणि ‘स्टॉपफेक’ यांच्या साह्याने २०१५-१६ मध्ये सुमारे १५,००० नागरिकांना बातमी पारखण्याचे शिक्षण दिले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिकवणारे कोणी परदेशी तज्ज्ञ नव्हते. ग्रंथपाल, शिक्षक, स्थानिक कार्यकर्ते यांनाच आधी तयार करून त्यांनी आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवावे अशी योजना होती. पुढे दीड वर्षाने पाहणी झाली, तेव्हा असे शिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत खोटी बातमी ओळखून तिची नीट चिकित्सा करण्याचे प्रमाण शिक्षण घेतलेल्यांमध्ये १३ टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. २०१८ मध्ये हाच अभ्यास पन्नास शाळांतील आठवी-नववीच्या वर्गांत नेण्यात आला. त्यासाठी नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा असा थाट न करता इतिहास, भाषा, कला यांच्या चालू तासांतच तो गुंफण्यात आला. आपल्याकडील शिक्षकांवर दर दोन वर्षांनी एखाद्या नव्या उपक्रमाचे ओझे पडते. त्यांना या युक्तीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

या पूर्वतयारीचा उपयोग २०२२ मध्ये दिसला. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगत आहेत, अशी यंत्राच्या साह्याने रचलेली बनावट चित्रफीत १६ मार्च रोजी एका वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळात घुसखोरी करून दाखवण्यात आली. परंतु असे काही येणार आहे, चेहरा खरा वाटेल, आवाज खरा वाटेल, तरी विश्वास ठेवू नका, असा इशारा युक्रेनच्या संबंधित केंद्राने दोन आठवडे आधीच, मार्चच्या आरंभी दिला होता. चित्रफीत आली तेव्हा ती सामान्यच होती हे खरे. मान एकीकडे आणि धड दुसरीकडे असा तिचा प्रकार होता. झेलेन्स्कींनी स्वतः लगोलग उत्तर दिले आणि तो डाव फुकट गेला. खोटे पसरल्यावर त्यामागे धावण्यापेक्षा ते येण्याआधी लोकांना सावध करणे अधिक परिणामकारक ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. पुढची चित्रफीत इतकी कच्ची असेलच असे मात्र नाही.

येथपर्यंतचा इतिहास युक्रेनच्या गौरवाचा आहे. परंतु खरी परीक्षा याच्या पुढे सुरू होते. आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, काळ्या समुद्रातील स्नेक आयलंडवरील सीमारक्षक रशियन युद्धनौकेला ताठ मानेने नकार देऊन धारातीर्थी पडले असे जाहीर झाले, आणि त्यांना मरणोत्तर सन्मानही घोषित झाले. थोड्याच दिवसांत ते जिवंत असून कैदेत आहेत, हे कळले. ‘कीव्हचे भूत’ या नावाने एका अज्ञात वैमानिकाची कीर्ती जगभर पसरली. एकट्याने शत्रूची किती विमाने पाडली याचे आकडे रोज वाढत गेले. दोन महिन्यांनी खुद्द युक्रेनच्या हवाई दलाने ही एक दंतकथा असल्याचे मान्य केले. संकटात सापडलेल्या राष्ट्राला वीरकथा हव्या असतात, आणि अशा कथांनी कोणाचे फारसे बिघडत नाही, असे म्हणता येईल. क्षणभर ते मान्य केले, तरी पुढचे प्रकरण तसे सोडून देता येत नाही.

त्या वेळी युक्रेनच्या संसदेच्या मानवाधिकार आयुक्त ल्युडमिला डेनिसोवा या होत्या. रशियन सैनिकांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचे अत्यंत भयंकर तपशील त्या जाहीरपणे सांगत, आणि जगभरची वृत्तपत्रे ते छापीत. असे अत्याचार घडले होते यात शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने पुढे त्यांची नोंद केली आहे. परंतु डेनिसोवा जे सांगत होत्या त्यांतील अनेक प्रकरणांना आधार सापडेना. मे २०२२ मध्ये शंभराहून अधिक पत्रकार, वकील, मानसोपचारतज्ज्ञ आणि कार्यकर्ते यांनी त्यांना उघड पत्र लिहिले : पडताळणी झालेली माहितीच प्रसिद्ध करा, पीडितांची प्रतिष्ठा जपा, अंगावर शहारे आणणारे तपशील टाळा. पत्र लिहिणारे हे युक्रेनियनच होते. त्यांच्या शहरांवर क्षेपणास्त्रे पडत होती, त्यांचे भाऊ आघाडीवर होते. तरीही आपल्या बाजूचे, आपल्याला हवे तसे बोलणाऱ्या अधिकारी व्यक्तीला त्यांनी पुरावा मागितला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संसदेने डेनिसोवा यांना पदावरून दूर केले. इतर तक्रारींबरोबर हेही त्याचे एक कारण होते. त्यानंतर ‘युक्रेन्स्का प्राव्दा’ने या साऱ्याचा तपास करून तो छापला.

याला शत्रूच्या हाती कोलीत देणे म्हणतील असे लोक प्रत्येक देशात असतात. तेथेही होते. परंतु न तपासलेला एक आरोप खोटा निघाला की खरे शंभर आरोपही त्याच्याबरोबर वाहून जातात, हे त्या पत्रकारांनी ओळखले होते. त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते कारखान्यात नेऊन त्यांची चरबी काढतात, अशी बातमी छापली. ‘टाइम्स’सारखे प्रतिष्ठित पत्रही त्यात होते. १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी पार्लमेंटात ती बातमी निराधार असल्याचे व्यवहारतः कबूल केले. तीन वर्षांनी आर्थर पॉन्सन्बी यांनी युद्धकालीन असत्यांचा पंचनामा करणारे पुस्तक काढले, आणि युरोपातील सुशिक्षितांची एक सबंध पिढी अत्याचारांच्या बातम्यांना हसण्यास शिकली. पुढे १९४३ मध्ये पोलंडमधील विषारी वायूच्या कोठड्यांची माहिती लंडनला पोचली, तेव्हा परराष्ट्र खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याला त्यावरून मागच्या युद्धातील त्या चरबीच्या गोष्टीची आठवण झाली. ही बातमी मात्र खरी होती.

बुचा येथे एप्रिल २०२२ मध्ये रस्त्यावर पडलेली प्रेते जगाने पाहिली, तेव्हा रशियाने हा सारा देखावा आपले सैन्य निघून गेल्यावर रचला असल्याचे सांगितले. त्याचा निकाल घोषणांनी लागला नाही. रशियन सैन्य तेथे असतानाची, मार्च महिन्यातली उपग्रहचित्रे पुढे आली. याब्लुन्स्का रस्त्यावर त्याच जागी त्याच आकृती दिसत होत्या. दिनांक, ठिकाण, साक्ष यांची जुळणी हेच तेथे उपयोगी पडले.

युक्रेनमधील आणखी एका अनुभवाची नोंद घेतली पाहिजे. आक्रमणानंतर तेथील प्रमुख वाहिन्यांनी मिळून चोवीस तासांचे एकच समाईक वार्ताप्रसारण सुरू केले. पहिल्या महिन्यांत त्याचा उपयोग झाला. अफवांच्या गर्दीत लोकांना एक निश्चित आवाज ऐकू येई. कीव्हमधील समाजशास्त्र संस्थेच्या पाहणीनुसार मे २०२२ मध्ये ६९ टक्के लोकांचा त्यावर विश्वास होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. आघाडीवरून घरी परतणारा मुलगा एक सांगतो आणि पडदा दुसरेच सांगतो, असे झाले की लोक पडदा बंद करतात, आणि मग बातमीसाठी ते नेमके अशा ठिकाणी जातात की जेथे कोणीच काही तपासत नाही.

भारतात सत्यासत्याचा निवाडा सरकारने आपल्याकडे घ्यावा असा प्रयत्न झाला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारा नियम २०२३ मध्ये आला; सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. सरकारने आपली बाजू मांडावी, इन्कार करावा, पुरावे द्यावेत. न्यायाधीश मात्र होऊ नये, हे तत्त्व शांततेत जितके खरे तितकेच युद्धातही आहे. याचा अर्थ युद्धात सगळेच सांगावे असा नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहून आपल्या माणसांना सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना कठोर शब्दांत फटकारले. अशा थेट प्रक्षेपणावर आज निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. पण एखादी गोष्ट न सांगणे वेगळे आणि खोटी सांगणे वेगळे. शिवाय मौनालाही मुदत असते. मे २०२५ च्या संघर्षात भारताची काही विमाने पडली, हे सरसेनाध्यक्षांनी सिंगापूर येथे ३१ मे रोजी मान्य केले; तोवर तीन आठवडे शत्रूचे फुगवलेले आकडे आणि मायदेशातील ठाम इन्कार यांच्यामध्ये सामान्य वाचक लोंबकळत राहिला.

तेव्हा करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे बिहारमध्ये मिळाले आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी तेथे सुमारे बाराशे घरांत एक प्रयोग केला. तासाभराच्या भेटीत खोटी माहिती कशी ओळखावी हे शिकवले. परिणाम जवळजवळ शून्य. इतकेच नव्हे, तर ज्यांना आपल्या पक्षाचे विशेष प्रेम होते त्यांच्यात तो काहीसा उलटाच झाला. आवडत्या बातमीची पकड किती घट्ट असते ते यावरून दिसते. त्यानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या साह्याने दुसरा प्रयोग केला : १३,००० हून अधिक शाळकरी मुले, गावोगावची वाचनालये, चौदा आठवड्यांत चार वर्ग, घरचा अभ्यास. या मुलांची पारख सुधारली, ती चार महिन्यांनंतरही टिकली, आणि त्यांच्या आईवडिलांवरही तिचा प्रभाव आढळला. या वर्गांचा भर युद्धावर नव्हता, आरोग्यविषयक समजुतींवर होता. तरी वर्षानुवर्षांच्या समजुतींना हात घालायचा तर एक व्याख्यान पुरत नाही, हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की कळते.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनाही हेच लागू आहे. वर्षातून एकदा एखाद्या हॉटेलात कार्यशाळा भरवणे, प्रमाणपत्रे वाटणे आणि छायाचित्र छापणे याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून जिल्ह्याच्या महाविद्यालयांपर्यंत जेथे जेथे पत्रकारिता शिकवली जाते, तेथील विद्यार्थ्यांपुढे ८ मे २०२५ च्या रात्रीच्या बातम्या एकेक करून ठेवाव्यात : ही प्रथम कोणी दिली, कोणत्या आधारावर दिली, दुसऱ्याने ती कशी उचलली, कोणत्या टप्प्यावर एक दूरध्वनी केला असता तर ती थांबली असती. मराठी पत्रांच्या दृष्टीने यात एक खास अडचण आहे. युद्धाची बातमी बहुधा इंग्रजी किंवा हिंदीतून येते आणि भाषांतर होऊन छापली जाते. त्या भाषांतरात ‘असा दावा आहे’, ‘वृत्तास दुजोरा मिळालेला नाही’ ही शेपटे जागेअभावी प्रथम कापली जातात आणि दावा हा मथळा बनतो. तालुक्याच्या वार्ताहराला तर ओळींच्या हिशेबाने पैसे मिळतात. थांबलेल्या बातमीचे त्याला काहीच मिळत नाही. बातमी सर्वांत आधी देणाऱ्याचे कौतुक आणि ती अडवणाऱ्याला बोलणी, ही रीत जोवर कचेरीत आहे तोवर कोणताही अभ्यासक्रम फारसे काही करू शकणार नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकाला ‘ही बातमी आज जाणार नाही’ असे म्हणण्याचा लेखी अधिकार द्यावा, आणि ती दुसऱ्या पत्रात आली म्हणून सकाळी त्याला जाब विचारू नये.

खुलाशाचेही तसेच. ज्या पानावर, ज्या आकाराच्या मथळ्यात चूक झाली, तेथेच दुरुस्ती छापली गेली पाहिजे. पडद्यावर जितका वेळ आणि ज्या वेळी खोटे दाखवले तितका वेळ आणि त्याच वेळी खरे दाखवले गेले पाहिजे. पूंछच्या त्या शिक्षकाचे छायाचित्र देशभरच्या घरांतून लोकांनी पाहिले. पोलिसांचे पत्रक त्यांतल्या किती घरांपर्यंत पोचले असेल?